सीलबंद खांदा

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आत काम करणाऱ्या माणसाला सूचना करणं, हे काम धूरसाहेब गेली सव्वीस वर्षं एकही खाडा न करता करत आले होते. "गॅस मोठा आहे." "झाकण ठेव." थोड्या वेळाने, "आता काढ झाकण." "कांदा याहून बारीक चालला असता." स्वतः आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा दंडक. तपासणी करणाऱ्याने कढईला हात लावला की तपासणी निःपक्षपाती राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. यांचं नुसत्या उंबऱ्यावर भागत होतं. बायको एका कानाने ऐकायची आणि दुसऱ्याने सोडून द्यायची.

धूरसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. नगरपालिकेत धूर-उपद्रव विभाग म्हणून एक विभाग असतो. कोणाच्या भट्टीचा, चिमणीचा, गिरणीचा धूर दुसऱ्याच्या खिडकीत शिरला की तिथे तक्रार होते आणि तिथून माणूस येऊन भट्टीला सील ठोकतो. त्या विभागाचे हे प्रमुख. खिशात कायम एक कार्ड, त्यावर राखाडी रंगाच्या पाच छटा छापलेल्या. कार्ड धुरासमोर धरायचं, कुठली छटा जुळते ते बघायचं, आणि तीन नंबरची किंवा त्याहून गडद निघाली की गुन्हा. हा माणूस एक दिवस गच्चीवर पिंपात कोळसे पेटवून पहाटेपासून धूर करत बसेल, असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्या म्हणणाऱ्यालाच सील ठोकलं असतं. पण साडू आडवा आला.

साडू या नात्याचं एक वैशिष्ट्य आहे. भाऊ भांडला तर वाटणी मागतो, मित्र भांडला तर बोलणं टाकतो. साडू भांडतही नाही आणि काही मागतही नाही. तो फक्त आपल्याकडे बोलावतो आणि आपलं कसं छान चाललंय ते दाखवतो. या साडूंनी एका रविवारी जेवायला बोलावलं आणि ताटात टॅको वाढले. डुकराचा अख्खा खांदा बारा तास धुरावर शिजवलेला, मग काट्याने उसवून त्याचे धागे केलेले, ते मक्याच्या पातळ पोळीत भरलेले, वर आंबवलेला कांदा आणि कोबी. साडू प्रत्येक घासाबरोबर थोडी थोडी माहिती वाढत होते. धूरसाहेबांच्या बायकोने चार खाल्ले. आणि बोटं पुसत म्हणाली, "इतकं मऊ मी आयुष्यात खाल्लं नाही."

आयुष्यात! सव्वीस वर्षं ज्यांच्या देखरेखीखाली तिने स्वयंपाक केला, ते समोर बसले असताना!

"चांगलंय," धूरसाहेब म्हणाले. "पण धूर जरा कच्चा लागतोय. धुरातलं आम्हाला थोडंफार कळतं."

"मग साडूबुवा, एकदा तुम्हीच करून दाखवा की," साडू हसत म्हणाले.

"दाखवतो. पुढच्या रविवारी, बरोबर सात वाजता. दोघं या."

जीभ ही वस्तू टाळूला का चिकटून राहत नाही, असा प्रश्न त्यांना घरी परततानाच पडला. पण तोवर बायकोने पुढचा मुद्दा काढला होता.

"हे बघा, आपण एकदाच काय ते ठरवून टाकू. रविवारी सातला ते मांस तसं मऊ झालं, तर मी हरले. मग जन्मभर दारात उभे राहा आणि हवं ते सांगा. मी हूं का चूं न करता ऐकेन, आणि सांगाल तसंच करेन."

"आणि नाही झालं तर?"

"तर स्वयंपाकाबद्दल तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ताटात पडेल ते गिळायचं. माझ्या धाकट्या बहिणीला साक्षीदार ठेवलंय मी, निघतानाच सांगितलं तिला."

"कबूल," धूरसाहेब म्हणाले खरे, पण रस्ताभर मनाशी हिशेब मांडत आले. कारण सांगायचं तर सूचना हे त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं होतं. ते वगळलं तर मागे उरत होतं 'किल्ली कुठे आहे' आणि 'आलो गं'. बंदी आली तर हा माणूस संध्याकाळी घरी येऊन बोलणार काय? त्या विचाराने ते खरोखर घाबरले. घाबरले की ते रजिस्टर आखायला घेत. त्याप्रमाणे त्यांनी रात्री जेवण झाल्याबरोबर एक नवीन रजिस्टर आखलं.

सोमवारी ते वेल्डरकडे गेले. दोनशे लिटरचं पिंप, खाली कोळशाची टोपली, मधे जाळी, वर झाकण, झाकणाला धुराचं तोंड आणि बाजूला तापमान बघायची तबकडी, असा नकाशा त्यांनी तीन बाजूंनी काढून नेला होता. वेल्डरने नकाशा उलटा धरून नीट पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे कचऱ्याचा डबा ना?" गुरुवारी पिंप तयार झालं. झाकण बसवलं तर एका बाजूला बोटभर फट. धूरसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. वेल्डर अजिबात वरमला नाही.

"साहेब, लोखंड आहे. त्यालाही श्वास घ्यायला नको का?"

"नकाशात फट नव्हती."

"नकाशा कागदाचा होता," वेल्डर म्हणाला. 

खाटकाकडे तर बोलण्याचीच सोय नव्हती. "मला एक खांदा हवाय, पण तो अख्खा..." एवढं म्हणेपर्यंत त्याने खटाखट बारा तुकडे करून पुडकं बांधलंसुद्धा. हाताला सवय असते. दुसऱ्या खांद्याच्या वेळी धूरसाहेबांनी आधी "थांबा!" असं ओरडून मग मागणी सांगितली. रांगेतली माणसं दचकून दोन पावलं मागे सरकली. खाटकाने अख्खा खांदा त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, "घरी सुरी नसेल." पहिल्या खांद्याचे बारा तुकडे बायकोने शुक्रवारी नेहमीसारखे रस्सा करून शिजवले. ते पाऊण तासात मऊ झाले. 

आता लाकूड. धुराला फळझाडाचं लाकूड लागतं, असं साडूंच्या माहितीत आलं होतं. लाकडाच्या वखारीत मालक म्हणाला, "दार करायचंय का खिडकी?"

"खायचंय."

मालकाने त्यांच्याकडे एकवार पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरी कोणी असतं का तुमच्या सोबतीला?" शेवटी एका रोपवाटिकेच्या मागच्या अंगणातून सफरचंदाच्या वाळक्या फांद्या मिळाल्या. त्या काखेत मारून धूरसाहेब रस्त्याने येत होते, तर दोन ओळखीच्या माणसांनी "झाड पडलं का?" म्हणून चौकशी केली आणि एकाने "काय दिवस आले" म्हणून मान हलवली.

राहिली गच्चीची किल्ली. ती वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांकडे असायची. हेडमास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण वर्ग सुटला तरी मास्तर सुटत नाही. त्यांनी अर्ज मागितला. धूरसाहेबांनी लिहिलं, 'कौटुंबिक कार्यक्रमानिमित्त गच्ची मिळावी.' हेडमास्तरांनी लाल पेनाने दोन चुका काढल्या, 'कार्यक्रम' खाली रेघ मारून 'स्वरूप?' असं लिहिलं आणि अर्ज परत केला. बावीस वर्षं जो माणूस लोकांचे अर्ज असेच परत करत आला, त्याला स्वतःचा अर्ज परत आल्यावर काय वाटतं? राग येतो. दुसऱ्या अर्जात त्यांनी 'स्वरूप : खाद्य' असं लिहिलं आणि किल्ली मिळाली. वर सल्लाही मिळाला.

"लाकूड भिजवून घ्या बरं का. कोरडं लाकूड भस्सकन जळून जातं. भिजलेलं मंद धुमसतं. साधं विज्ञान आहे."

रविवारी पहाटे पाचला कोळसे धगधगले. सव्वापाचला खांदा जाळीवर गेला, झाकण बसलं, फटीतून आणि तोंडातून निळसर रेघ निघाली. धूरसाहेबांनी कार्ड धरून पाहिलं. छटा एक. रजिस्टरमध्ये नोंद झाली : 'वेळ ५.१५. धूर समाधानकारक. खांदा शांत.'

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिंपाला तापमानाची तबकडी होती आणि तिची दांडी थेट मांसात खुपसलेली होती. बाहेरून बघितलं की आत किती अंश झालेत ते कळत होतं. पण धूरसाहेबांच्या विभागात दर पंधरा मिनिटांनी प्रत्यक्ष पाहणी करायची, असा नियम होता; तो त्यांनीच केला होता. प्रत्यक्ष म्हणजे झाकण काढून. त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी ते हातमोजे चढवायचे, झाकण उचलायचे, खांद्याकडे रोखून बघायचे, काट्याने एक टोचणी द्यायचे, आतली सगळी ऊब गच्चीभर पसरू द्यायचे, झाकण लावायचे आणि तबकडीवर जे दिसत होतं तेच लिहायचे. पिंप तापत आलं की यांची पाहणीची वेळ व्हायची.

साडेदहाला तबकडी एकोणसत्तरवर आली. पावणेअकराला एकोणसत्तर. अकराला एकोणसत्तर. साडेअकराला धूरसाहेबांनी तबकडीला टिचकी मारली. एकोणसत्तर.

बायको चहा घेऊन वर आली. "काय म्हणतोय खांदा?"

"अडलाय."

"धाकटीला फोन करून विचारू का? त्यांना माहीत असेल."

"साडूला? त्यापेक्षा मी कच्चा खाईन."

बायकोने चहा कठड्यावर ठेवला, पिंपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि काहीही न सुचवता खाली गेली. हे न सुचवणं धूरसाहेबांना फार झोंबलं.

अडलेल्या गोष्टींचा त्यांना अनुभव नव्हता असं नाही. फाईल एका टेबलावर अडली की ती उघडायची, तिच्यावर शेरा मारायचा, पुन्हा ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची. याने फाईल पुढे जाते असं नाही, पण आपण काहीतरी केलं असं दिसतं. खांद्याच्या बाबतीतही त्यांनी तेच धोरण ठेवलं. दर पंधरा मिनिटांच्या पाहणीत आता त्यांनी खांदा उलटवायला सुरुवात केली. साडेबाराला तबकडी एकोणसत्तरवरून चक्क सदुसष्टवर उतरली. पुढे जायचं सोडाच, फाईल आता मागे यायला लागली.

तेव्हा त्यांना हेडमास्तरांचं विज्ञान आठवलं. बादलीत रात्रभर भिजत पडलेल्या सगळ्या फांद्या त्यांनी एकदम कोळशांवर टाकल्या.

पुढचं दहा मिनिटांत झालं. आधी फुस्स आवाज झाला, मग पांढरा धूर, मग त्याला एक मळकट करडा रंग चढला, आणि तो धूर ढिगाने वर जायच्या ऐवजी कठड्यावरून खाली उतरून नेमका वरच्या मजल्याच्या खिडक्यांत शिरला. गच्चीच्या दोरीवर हेडमास्तरांचे खळ घालून वाळत टाकलेले सहा पांढरे शर्ट होते. सहाही शर्टांना पाच मिनिटांत वय आलं. हेडमास्तर खिडकीतून ठसका देत ओरडले, "अहो, हे काय चाललंय?"

"तुमचंच विज्ञान!" धूरसाहेब धुरातून ओरडले.

यापेक्षा 'माफ करा' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण तोंडातून गेलेला शब्द आणि पिंपातून गेलेला धूर परत येत नाही. हेडमास्तरांनी नगरपालिकेच्या रविवारच्या तक्रार खिडकीला फोन लावला आणि मुद्देसूद तक्रार नोंदवली. मुद्दा एक, धूर. मुद्दा दोन, शर्ट. मुद्दा तीन, उद्धट उत्तर. लाकूड भिजवण्याचा सल्ला कोणी दिला, हा मुद्दा क्रमांक चारला येण्यापूर्वीच त्यांनी फोन ठेवला.

सव्वाला धूरसाहेब तेहेतिसाव्यांदा झाकण लावत होते, तेवढ्यात जिन्यातून निरीक्षकबाई वर आल्या. हातात फॉर्मांची फाईल, खांद्यावर लाखेची पिशवी. या बाईंना धूरसाहेबांनीच तयार केलं होतं. सुट्टीच्या दिवशीही तासाभरात पोचायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही, साहेब असो की सासरा, सील म्हणजे सील, हे त्यांचेच धडे.

"सर?" बाई थबकल्या. "पत्ता वाचून मला वाटलंच, पण म्हटलं त्याच इमारतीत दुसरं कोणी असेल."

"अहो बाई, काही विशेष नाही. घरगुती प्रकार आहे. तुम्ही चहा घ्या."

बाईंनी चहा घेतला नाही. कार्ड काढलं, एक डोळा मिटला आणि धुरासमोर धरलं. "तीन."

"तीन कुठे? अडीच म्हणा फार तर."

"सर, अडीच छटा नसते. तुम्हीच सांगितलंय. माणसाने एकदा अडीचला सुरुवात केली की शेवट लाच घेण्यात होतो."

"अगदी तसंच म्हणालो होतो का मी?"

"मी लिहून घेतलंय, सर." बाईंनी फॉर्म उघडला. "उपद्रवकारक वस्तूच्या आत काय आहे?"

"डुकराचा खांदा."

"स्थिती?"

"सदुसष्ट अंश. बाई, दोन मिनिटं द्या. फक्त दोन मिनिटं, मी ती ओली लाकडं काढून टाकतो."

बाई जरा अवघडल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं. "सर, त्या बेकरीवाल्याने असंच म्हटलं होतं. भट्टीत त्याचे पाव होते. तुम्ही म्हणालात, कायद्याला मिनिटं नसतात."

धूरसाहेबांना तो बेकरीवाला आठवला. पिठाचे हात जोडून उभा होता. त्या दिवशी सील ठोकून आल्यावर त्यांनी कचेरीत ती हकीकत रंगवून सांगितली होती आणि सगळे हसले होते. आता त्यांच्या हातात मोजे होते आणि काटा होता, आणि हसायला कोणी नव्हतं.

बाईंनी झाकणावरून कागदाची पट्टी आडवी चिकटवली, धुराचं तोंड बंद करून त्यावर दुसरी चिकटवली, लाख वितळवून ठिपके दिले. पट्टीवर छापील मजकूर होता : 'उघडल्यास कारवाई होईल.' खाली विभागप्रमुखांची छापील सही. धूरसाहेबांची सही मोठी झोकदार होती. ती सही निवडताना त्यांनी सतरा नमुने करून पाहिले होते.

"आणि आतले कोळसे? ते विझवायचे नाहीत?"

"आपल्या विभागाला धूर बंद करायचा अधिकार आहे, सर. आग विझवायचा नाही. ती अग्निशमनवाल्यांची हद्द. त्यावरून मागे केवढं पत्रयुद्ध झालं होतं, तुम्हीच जिंकलात."

"बरं, मग सील काढायचं कोणी?"

"विभागप्रमुखांनी."

"म्हणजे मी!" धूरसाहेबांच्या जिवात जीव आला.

"पण ज्याचा संबंध आहे त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या बाबतीत सील काढू नये, अशी खाली टीप आहे." टीप कोणी घातली होती हे बाईंनी सांगितलं नाही. "मोठ्या साहेबांना यावं लागेल. ते सासुरवाडीला गेलेत. संध्याकाळी येतील."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. धूरसाहेब पिंपासमोर खुर्ची टाकून बसले. पंधरा मिनिटं झाली की हात आपोआप मोज्यांकडे जायचा आणि पट्टीवरची स्वतःची सही बघून मागे यायचा. फटीतून एक बारीक निळसर धागा येत होता, तेवढाच. तबकडीकडे बघायचा त्यांना धीर होईना. त्यांनी तिच्यावर रुमाल टाकला. पैज गेली, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. साडू येणार, मेहुणी येणार, आणि त्यांच्यासमोर हे सीलबंद पिंप. शिवाय सोमवारी कचेरीत ही हकीकत कोणीतरी रंगवून सांगणार.

साडेचारच्या सुमारास ते खाली आले आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बायको मक्याच्या पोळ्या करत होती. तव्यावर पाण्याचा एक थेंब टाकून ती बघायची, थेंब नाचला की पोळी टाकायची, कडा सुटली की बोटांनी उलटायची. गॅस मोठा होता. धूरसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हा अधिकार आता फक्त अडीच तास उरला होता आणि तो वापरायचीही त्यांना लाज वाटली. ते नुसते बघत राहिले. पोळी करपली नाही.

बायकोने मागे वळून पाहिलं. "काय हो, बरं वाटत नाहीये का?"

"नाही, ठीक आहे."

"मग बोलत का नाही?"

"सराव करतोय," धूरसाहेब म्हणाले. बायको हसली नाही. तिने एक गरम पोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि परत तव्याकडे वळली.

पावणेसातला साडू आणि मेहुणी आले. साडूंनी मांस उसवायचे स्वतःचे दोन खास काटे आणले होते. "म्हटलं तुमच्याकडे असतील नसतील." गच्चीवर येऊन त्यांनी पिंपावरच्या पट्ट्या पाहिल्या, मजकूर वाचला, सही वाचली. "वा! हा नवीनच प्रकार दिसतोय. सीलपॅक."

मेहुणी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. 

सात वाजायला चार मिनिटं असताना मोठे साहेब आले. सासुरवाडीचं जेवण अंगावर, डोळ्यांत झोप आणि मनात चीड. मागे निरीक्षकबाई फाईल घेऊन, आणि पंच म्हणून खुद्द हेडमास्तर, धुरकट शर्ट घालून. मुद्दामच घातला होता.

"काय हो हे, धूर विभागाचाच माणूस?" मोठे साहेब म्हणाले. "लिहा बाई, आटपा. सील शाबूत आहे का?"

"शाबूत आहे, साहेब. दुपारी एक पंचवीसपासून कोणाचाही हात लागलेला नाही."

मोठ्या साहेबांनी पट्टी कापली आणि झाकण उचललं.

असा वास आला की सगळेच एक पाऊल पुढे सरकले. खांदा गडद तांबूस-काळा झाला होता, वरून नुसता चकाकत होता. साडूंनी रुमाल बाजूला करून तबकडी पाहिली. पंचाण्णव. मग त्यांनी पुढे होऊन मधलं हाड चिमटीत धरलं आणि ओढलं. लोण्यातून सुरी निघावी तसं ते हाड निघून हातात आलं. मोठ्या साहेबांची झोप उडाली.

"साडूबुवा," साडू हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी असूया होती. "माझाही इतका चांगला होत नाही. कळलं कसं तुम्हाला? एकोणसत्तरच्या आसपास हा तासन् तास अडून बसतो. तिथे नव्वद टक्के लोक झाकण उघडून घाण करतात. हात न लावता बसून राहणं, हीच तर सगळी करामत आहे. किती वेळा उघडलंत?"

धूरसाहेबांनी आकाशाकडे पाहिलं. निरीक्षकबाईंच्या हातात पंचनाम्यासाठी घेतलेलं त्यांचं रजिस्टर होतं, आणि प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं हे त्यांना शिकवलेलं होतं.

"सव्वापाच ते सव्वा. तेहेतीस वेळा," बाई म्हणाल्या. "त्यानंतर सील लागलं."

"म्हणजे माझ्या तक्रारीमुळे झालं!" हेडमास्तर आनंदाने म्हणाले.

साडू आधी हसले, मग मोठे साहेब, मग मेहुणीने पदर काढून टाकला आणि मोकळेपणाने हसून घेतलं. एकटी बायको हसली नाही. ती खाली जाऊन पोळ्या, कांदा आणि कोबी घेऊन आली. साडूंनी दोन काट्यांनी खांदा उसवला. पंचनाम्याचा कागद बाजूला राहिला आणि पंच, तक्रारदार, अधिकारी सगळे रांगेत उभे राहिले. हेडमास्तरांनी तीन खाल्ले आणि शर्टाचा मुद्दा मागे घेतला. मोठ्या साहेबांनी शेरा सांगितला, 'वस्तू सुस्थितीत आढळली,' आणि आणखी एक मागितला.

"सात वाजता मऊ झालं," बायको सगळ्यांसमोर म्हणाली. "कसं झालं ते ठरलं नव्हतं, झालं की नाही एवढंच ठरलं होतं. धाकटी साक्षीला आहे. मी हरले." ती नवऱ्याकडे वळली. "बोला. आता तुम्ही सांगायचं आणि मी ऐकायचं. काय कमी-जास्त आहे?"

सगळे त्यांच्याकडे वळले. सव्वीस वर्षांत असा श्रोतृवर्ग त्यांना मिळाला नव्हता. धूरसाहेबांनी सावकाश टॅको उचलला आणि मोठा घास घेतला. पोळी पातळ, खुसखुशीत, तरी न मोडणारी. कांदा जसा हवा तसा आंबट. कोबी करकरीत. शोधून शोधून त्यात काही सापडेना. मग जीभ मांसापर्यंत पोचली आणि त्यांना बरोबर सापडलं. मीठ कमी होतं. चांगलंच कमी होतं. बाकीचे कांद्या-कोबीच्या भरात खाऊन गेले होते, पण त्यांची जीभ तपासणीची होती, तिला चुकलं नाही. 'मीठ कमी आहे' हे शब्द घशाशी आले, ओठांपर्यंत आले. आणि तिथे त्यांना आठवलं की शनिवारी दुपारी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेऊन, खांद्याला मीठ त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "सगळं उत्तम आहे."

"नक्की?"

"नक्की."

 सगळ्यांचं लक्ष परत खाण्याकडे वळलं तेव्हा बायकोने मिठाची बरणी उचलली आणि हळूच त्यांच्या ताटाशी आणून ठेवली. धूरसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नव्हतं, आणि चिमूटभर घेतलं.